नाण्यावरची चूक टाकसाळीतली खरी, की नुसता झिजलेला डाय? बाबांच्या डब्यातल्या चार नाण्यांबद्दल सविस्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला आणि फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. आधी तू काय विचारलंयस ते परत मांडतो म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीवर बोलतोय हे नक्की होईल. तुझे बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यांनी वेगळी दिसतील ती नाणी बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवली, त्यातली चार तू बाजूला काढलीस. एक, २००० सालचा स्टीलचा १ रुपया, ज्यावर भारत आणि इंडिया ही अक्षरं जाड होऊन कडेकडे फिसकटल्यासारखी दिसतात. दोन, १९९८ चं अकरा कोनांचं २ रुपयांचं नाणं, ज्याच्यावर साल डबल दिसतंय. तीन, अजून एक १ रुपया, ज्यावर कडेपासून सिंहापर्यंत एक बारीक रेघ गेलीय. आणि चार, ५० पैशाचं नाणं ज्याला कडेला चंद्रकोरीसारखा चावा घेतलाय, आणि त्याबद्दल तू लिहिलंयस की "काका, हे बहुतेक कोणीतरी कापलंय, पण बाबांनी ठेवलेलं म्हणून दाखवते". तुला कोणीतरी सांगितलं की पहिली दोन डबल डाय आहेत, म्हणजे नाणं पाडायच्या ठशातच (त्यालाच डाय म्हणतात) चित्र दोनदा कोरलं गेलंय, आणि ती लाखाच्या घरात जातील.

तर सरळ सांगतो. पहिल्या दोनमधे टाकसाळीची चूक म्हणावं असं काही नाही. तिसरं बघण्यासारखं आहे पण एरर नाही. आणि जे तू शेवटी टाकलंस, ते ५० पैशाचं, ते मला खरं वाटतंय, पण त्याच्या काही चाचण्या तुला करायच्यात, त्या खाली सांगतो. आता हे कशावरून ते नीट समजावतो, कारण नुसतं खरं-खोटं सांगितलं तर पुढचं नाणं हातात आलं की तू परत तिथेच अडकशील.

सगळ्यात आधी नाणं कसं बनतं ते डोळ्यासमोर आण. धातूच्या लांब पट्टीतून प्रेसने गोल चकत्या पाडतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, साफ करतात, मग एका मशीनमधे फिरवून त्यांची कड थोडी उचलून घेतात. मग ती चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, खाली एक डाय, वर एक डाय, आणि एक जबरदस्त ठोका. झालं नाणं. म्हणजे गडबड व्हायच्या जागा तीनच, चकतीत, डायमधे, नाहीतर ठोका बसताना. यातली कुठलीही गडबड खरी एरर असू शकते. पण डाय हा पोलादाचा तुकडा आहे, तो एकामागून एक हजारो ठोके मारतो, आणि प्रत्येक ठोक्याला तो किंचित झिजतो. ती झीज म्हणजे चूक नाही, ते त्याचं वय आहे. चूक एका क्षणात होते, झीज सावकाश होते, आणि दोन्हीच्या खुणा नाण्यावर वेगवेगळ्या पडतात. आपलं काम फक्त एवढंच की धातू कुठून कुठे गेलाय ते बघायचं.

अजून एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. डायवर जे खोल असतं ते नाण्यावर वर येतं. म्हणजे डायला तडा गेला, टवका उडाला, ओरखडा पडला तर नाण्यावर उंच रेघ किंवा उंच गाठ दिसणार. नाण्यावर जर खड्डा असेल, खोल ओरखडा असेल तर तो बहुतेक वेळा नंतर पडलेला, बाजारात, खिशात, तुझ्या बाबांच्या चामडी बॅगेत. याला अपवाद आहे, ठोका बसताना चकती आणि डायच्या मधे दोरा, कापडाचा तुकडा किंवा धातूचा कीस आला तर त्याचा खोल ठसा उमटतो आणि ती खरी एरर असते, पण तिथे खड्ड्याच्या तळाला सुद्धा ठोक्याची ती मूळ चमक असते, ओरखड्यासारखी कडेला उचललेली धातूची वरंबी नसते. नख फिरवून बघ, ओरखड्याच्या काठाला नख अडकतं.

आता पहिलं नाणं. १९९२ पासून २००४ पर्यंत हा स्टीलचा रुपया आला, वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर, एका बाजूला १ आणि दोन बाजूंनी कणसं. त्याआधीचा १ रुपया तांबं-निकेलचा होता, ६ ग्रॅमचा. स्टील त्या मानाने कडक, त्यामुळे डाय लवकर दमतो, आणि या काळातल्या १ रुपयांवर झिजलेल्या डायच्या खुणा इतक्या सापडतात की ज्याने मूठभर नाणी लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, घातली त्याला त्या सापडणारच. होतं काय, ठोका बसला की चकतीचा धातू मधून कडेकडे पळतो. प्रत्येक ठोक्याला तो डायवरच्या अक्षरांच्या बाहेरच्या काठाला घासत जातो. डायवरचा तो काठ हळूहळू गोल होतो, उतरतो, आणि मग नाण्यावर ते अक्षर बाहेरच्या बाजूला ओघळल्यासारखं, जाड, मऊ दिसायला लागतं. कधी कधी अक्षराच्या बाहेर एक फिकट दुसरी सावली सुद्धा दिसते आणि लोक तिलाच डबल म्हणतात.

तुझ्या फोटोत बघ, इंडियातला डी बाहेरच्या बाजूलाच फुगलाय, आतली बाजू अजून बऱ्यापैकी सरळ आहे. भारतचं पण तेच, भ आणि त दोन्ही कडेकडेच ओढलेत. म्हणजे डावीकडचं अक्षर डावीकडे सरकलंय आणि उजवीकडचं उजवीकडे. खऱ्या डबल डायमधे असं सहसा होत नाही, तिथे बहुतेक वेळा अक्षरं एकाच दिशेने सरकतात किंवा एका बिंदूभोवती फिरतात. सगळं असं मऊ होऊन चहूबाजूंनी बाहेर पळतंय म्हणजे बहुतेक झीजच. दुसरी खूण, नाणं टेबललॅम्पखाली तिरकं धरून मोकळ्या जागेत बघ, मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक बारीक रेषा दिसतील, सूर्याच्या किरणांसारख्या, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत वाटेल. या धातूच्या वाहण्याच्या रेषा. त्या दिसल्या की मी तरी पुढे वेळ घालवत नाही.

इथे अजून एक गोंधळ होतो तो पण मिटवून टाकू. वापरून झिजलेलं नाणं वेगळं आणि झिजलेल्या डायने मारलेलं नाणं वेगळं. वापरून झिजतं तेव्हा सगळ्यात उंच भाग आधी गुळगुळीत होतो, सिंहाची छाती, आयाळ, कड. डाय झिजलेला असेल तर नाणं कोरंकरकरीत, चकचकीत असूनही अक्षरं मऊ दिसतात. म्हणून बँकेतून नवी पिशवी फोडली आणि नव्याकोऱ्या नाण्यावर असं दिसलं की लोकांची खात्रीच पटते की ही एरर, "अहो वापरलंच नाही तर झिजेल कसं?" पण झिजलाय तो डाय ना, नाणं नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडे होतो असं नाही. अमेरिकेत १९५५ सालच्या १ सेंटवर खरी डबल डाय आहे, साल आणि अक्षरं ढळढळीत दोनदा दिसतात, जगभर प्रसिद्ध आहे ती. पण त्याच सालच्या बाकी सेंटवर झिजलेल्या डायमुळे शेवटच्या ५ ला शेपटासारखी सावली पडलेली असते, आणि तिला तिथले लोक गरिबाची डबल डाय म्हणतात. नाव डबल डायचं, पण ती निव्वळ झीज.

आता दुसरं, २ रुपयांचं. हे तांबं-निकेलचं, ६ ग्रॅमचं, नकाशाचं, राष्ट्रीय एकात्मतेवरचं. यावर मात्र कडेकडे वाहिलेलं काही नाही, साल खरंच दोनदा दिसतं, आणि मला कळतंय की तुला ते का पटलं. इथे जरा सावकाश बघायला लागतं.

खरी डबल डाय होते ती डाय बनवताना. हब म्हणजे उंच चित्र असलेला मूळ ठसा, त्याने डायमधे चित्र दाबतात, पूर्वी ते एकापेक्षा जास्त वेळा दाबायला लागायचं, आणि दुसऱ्या वेळी जरा जरी तिरकं बसलं तर डायमधेच दोन चित्रं कोरली जायची. मग त्या डायने मारलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरी चित्र, त्याच जागी, तेवढंच सरकलेलं. दोन्ही चित्रं पूर्ण उंचीची, दोन्ही गोलसर, आणि अक्षराच्या टोकाला फाटा फुटल्यासारखी खाच दिसते. अक्षर एकूणात रुंद होतं कारण दोन अक्षरं शेजारी शेजारी आहेत.

तुझ्या नाण्यावर वेगळंच झालंय. डाय जरा सैल बसलेला असला की ठोका मारून वर उचलताना तो किंचित उडतो, सरकतो, आणि नुकतंच तयार झालेलं अक्षर एका बाजूने खरवडून खाली दाबतो. त्यामुळे अक्षराच्या बाजूला एक सपाट, चमकदार पायरी तयार होते. पायरी हा शब्द लक्षात ठेव. मूळ अक्षर उंच, आणि त्याच्या शेजारी मोकळ्या जागेच्या जेमतेम वर एक चपटा ओटा. आणि मुख्य म्हणजे तो ओटा मूळ अक्षरातूनच कापून काढलेला असतो, त्यामुळे वरचं अक्षर बारीक होतं. तुझ्या फोटोत ९ ची काठी बघ, तशाच दुसऱ्या १९९८ च्या नाण्याशेजारी ठेवून बघ, तुझ्या नाण्यावर ती सडपातळ झालीय. डबल डायमधे अक्षर जाड होतं, इथे अक्षर खाल्लं जातं. गेली पंचवीसेक वर्षं मी कोणालाही हाच एक फरक आधी शिकवतो, कारण दहातले नऊ जण जे डबल म्हणून आणतात ते हेच असतं. इंग्रजीत याला मशीन डबलिंग म्हणतात, आपल्याकडे जुन्या बाजारात सगळ्यालाच डबल प्रिंट म्हणून विकतात आणि तिथेच लोक फसतात.

मग हे टाकसाळीतच झालं ना, मग एरर का नाही, असा प्रश्न तू विचारशील. बरोबर आहे, झालंय टाकसाळीतच. पण सैल डायचं हे थरथरणं रोजचं आहे, पिशवीत हात घातला की सापडतं, आणि ते डायवर कोरलेलं नसल्यामुळे पुढच्या नाण्यावर कमी, त्याच्या पुढच्यावर जास्त असं काहीही असू शकतं. हौसेने ठेव, जरूर ठेव, पण त्याला जास्तीचे पैसे मी देणार नाही आणि तू मागू नयेस असं मला मनापासून वाटतं. आपल्या प्रजासत्ताक काळातल्या नाण्यांवर बिनचूक, वाद न घालता मान्य करावी अशी डबल डाय माझ्या हातातून फार थोडी गेलीत.

तिसऱ्या नाण्यावरची रेघ मला खूप आवडली. ती उंच आहे, नागमोडी आहे, कडेपासून सुरू होऊन अशोकस्तंभाच्या डावीकडच्या सिंहाला टेकते. हा डायला गेलेला तडा. ओरखडा असता तर खोल असता. डाय घासून साफ करतानाच्या रेषाही उंचच असतात पण त्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर झुबक्याने येतात आणि अक्षरांच्या वरून जात नाहीत, फक्त मोकळ्या जागेत असतात. तडा मात्र वाटेत अक्षर आलं तर त्याच्यातून सरळ निघून जातो.

तड्यावरून एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या एका किराणा दुकानदाराकडे १ रुपयाच्या नव्या नाण्यांची अख्खी पिशवी आली होती, न फोडलेली, त्याने मला ती तेवढ्याच पैशात दिली. रात्री जेवण झाल्यावर चटई टाकून बसलो आणि एक एक नाणं लूपखालून काढत गेलो. अकरा नाणी निघाली ज्यांच्यावर एकाच जागी, १ च्या उजवीकडच्या कणसाजवळ तडा होता. पहिल्यांदा वाटलं सगळी सारखीच, मग लांबीप्रमाणे एका ओळीत लावली. पहिल्या नाण्यावर तो कडेपासून केसाएवढा जेमतेम निघालेला, चौथ्या-पाचव्यावर कणसाला पोचलेला, आठव्यावर कणसाच्या पलीकडे, आणि शेवटच्या दोनांवर त्याला फाटा फुटून कडेशी एक छोटी गाठ तयार झालेली, तिथला टवका डायमधून सुटत आलेला. त्या अकरा नाण्यांमधे एका डायचं म्हातारपण समोर लावून ठेवल्यासारखं दिसत होतं. ती ओळ अजून माझ्याकडे आहे, तशीच, एकही विकलं नाही, आणि झीज म्हणजे काय हे कोणाला दाखवायचं असलं की मी तीच ट्रे काढतो.

म्हणजे माझं मत असं की नुसता तडा ही डायच्या वयाची खूण, एरर नव्हे. पण तोच तडा वाढून डायचा कडेचा तुकडा पडला, आणि नाण्यावर तिथे अक्षर-बिक्षर काही न उमटता एक गुळगुळीत उंच ढेकूळ आलं, तर ते मी एररमधे धरतो, संग्राहकही धरतात. यावर सगळ्यांचं एकमत नाही, काही जण साध्या तड्यालाही एरर म्हणून पाकिटात घालतात, पण मी नाही घालत. तसंच ०, ६, ८, ९ या आकड्यांच्या पोटात भरलेला ठिपका असतो, तो डायचा टवका, अगदी नेहमीचा. आणि सत्यमेव जयते अर्धवट गायब असेल तर बहुतेक वेळा डायच्या त्या खाचेत ग्रीस आणि धूळ भरलेली असते, अक्षर पुसट होत होत जातं. तेही रोजचंच. पूर्ण साल गायब आणि आजूबाजूचं सगळं कडक उमटलेलं, असं मिळालं तर मात्र मला दाखव.

आता तुझं ५० पैशाचं. संसद भवन आणि नकाशाचं, स्टीलचं, ३.७९ ग्रॅम, २२ मिलिमीटर. याला बाजारात कट कॉइन म्हणतात. होतं असं की पट्टीतून चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढचा पंच आधीच्या भोकावरच थोडा बसतो, आणि चकतीला चंद्रकोरीचा चावा पडतो. अशी चकती तपासणीतून निसटली की तिच्यावर ठोका बसून नाणं बाहेर येतं. ही चकतीची एरर, शंभर टक्के खरी. पण कानसने घासून किंवा पंचने कापून हेच बनवणारेही भरपूर आहेत, म्हणून या चाचण्या कर.

डब्यात दुसरं त्याच प्रकारचं ५० पैशाचं नाणं असेलच, ते घे आणि त्याची कड या चाव्यात बसवून बघ. चावा त्याच पंचाने पडलेला असल्यामुळे त्याची गोलाई जवळजवळ नाण्याच्या गोलाईएवढीच असते. दोन्ही कडा एकमेकींत नीट बसल्या तर चांगलं लक्षण. कानस मारणाऱ्याचा चावा सहसा जास्त खोल, आवळ किंवा वेडावाकडा असतो.

मग चाव्याच्या बरोबर समोरची कड बघ, घड्याळात चावा ३ वर असेल तर ९ वर. तिथे नाण्याची उचललेली कड पुसट किंवा गायब असली पाहिजे. कारण सांगतो, चकतीची कड उचलायला ती मशीनमधे दोन बाजूंनी दाबून फिरवतात, आणि एका बाजूला चावा असला की समोरच्या बाजूला तेवढा दाब बसतच नाही. खोटं बनवणारा तयार नाण्याला चावा पाडतो, त्याच्या समोरची कड तर आधीच व्यवस्थित उमटलेली असते, ती तो कशी पुसणार? तुझ्या फोटोत समोरची कड थोडी बसलेली वाटते, म्हणूनच मी खरं म्हणतोय, पण फोटोवर माझा पूर्ण भरवसा नाही, हातात धरून बघ.

तिसरं, चाव्याजवळची अक्षरं. खऱ्यात ठोका बसताना धातूला तिथे मोकळी जागा मिळते, तो तिकडे पळतो, त्यामुळे चाव्याच्या काठाजवळची अक्षरं ओढल्यासारखी, निमुळती, फिकट होत जातात. खोट्यात अक्षर पूर्ण कडक असतं आणि मधेच सुरीने कापल्यासारखं संपतं. शिवाय चाव्याच्या आतल्या बाजूला लूप लावून बघ, एका दिशेच्या बारीक समांतर रेषा दिसल्या तर ती कानस.

आणि वजन कर. कोपऱ्यावरच्या सोनाराकडे नेलंस तर तो दोन मिनिटात करून देईल. ३.७९ पेक्षा कमीच भरणार, आणि जेवढा तुकडा गेलाय त्या अंदाजाने कमी. माझ्या अंदाजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास यावं. जर चावा एवढा मोठा असून वजन पूर्ण भरलं तर काहीतरी गडबड आहे. वजन हा प्रकार लोक कंटाळा करून टाळतात आणि माझ्या मते तोच पहिला करायला हवा, छोटा डिजिटल काटा काहीशे रुपयांत येतो, सोबत दहापट लूप, व्यास मोजायला व्हर्निअर आणि एक लोहचुंबक. स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तांबं-निकेलची नाही. २ रुपयांचं तांबं-निकेलचं नाणं चुंबकाला चिकटलं तर थांबून नीट बघ, एकतर चकती भलतीच आहे नाहीतर नाणं खोटं आहे.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर माझा एक जुना घाव सांगतो. लखी माहित असेल तुला, एका बाजूला सिंह सरळ आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोल गेलेले. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि त्याच्यावर पुढची चकती दाबली गेली की असं होतं. फार सुंदर एरर. सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याकडून १ रुपयाची लखी घेतली, त्या वेळच्या मानाने चांगले पैसे मोजून, आणि घरी येऊन दिव्याखाली धरल्यावर पोटात गोळा आला. खोल ठसा अर्धवट होता, मधे जोरात आणि कडेला काहीच नाही, त्याच्या खालून मूळ १ आणि कणसं अजून दिसत होती, आणि दुसऱ्या बाजूचे सिंह चेपून सपाट झालेले. दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमधे, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली होती कोणीतरी. खऱ्या लखीत दुसऱ्या बाजूचं चित्र कडक असतं, कारण तिथे खरा डायच असतो, आणि खोल बाजूला खालून काही डोकावत नाही. तेव्हापासून लखी म्हटलं की मी आधी चांगली बाजू बघतो, वाईट नाही.

तसंच १० रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचं. मधली चकती सरकलेली किंवा उलटी बसवलेली म्हणून विकतात. आतली चकती आणि बाहेरचं कडं एकाच ठोक्यात जोडली जातात आणि त्याच ठोक्यात छाप उमटते, त्यामुळे खऱ्या एररमधे सांध्यावर धातू घट्ट बसलेला असतो आणि चित्र सांध्यावरून सलग जातं. ठोकून काढून परत बसवलेल्यात फट असते, मधली चकती अंगठ्याने दाबली तर हलते, आणि कुठेतरी हातोडीचा डाग असतोच. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं मात्र सगळ्यांनी लहानपणी केलेलं असतं, ते ओळखायला लूप लागत नाही.

काही गोष्टी चूक नाहीत, झीजही नाही, मुद्दाम केलेल्या असतात, त्या माहित नसल्या तर डब्यातली निम्मी नाणी एरर वाटतील. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. मला दर महिन्याला कोणीतरी "खूण गायब" म्हणून कोलकात्याचं नाणं आणि "डायचा टवका" म्हणून नोएडाचा ठिपका दाखवतं. १९८५ च्या १ रुपयावर एच दिसला तर तो बर्मिंगहॅमचा, एमके म्हणजे स्लोव्हाकियातली क्रेमनित्सा, कारण काही वर्षं आपण बाहेरच्या देशात नाणी पाडून घेतली. राणी व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयावरचे ठिपके पण असेच, साल तेच ठेवून पुढची वर्षं ठिपक्यांनी दाखवली. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला, पुढच्या वर्षी चित्र बदललं, पण ती चित्रकाराची चूक, टाकसाळीच्या ठोक्याची नाही.

आणि शिवराई. आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या देवघरात एखादी असतेच, आणि हमखास विचारतात की छत्र आलंय पण पति गायब आहे, ही ऑफ सेंटर, म्हणजे छाप मधोमध न बसल्याची एरर का? नाही. शिवराई हाताने घणाखाली पाडायचे, चकती बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान, त्यामुळे श्री राजा शिव आणि छत्रपति ही सगळी अक्षरं एका नाण्यावर पूर्ण येणं हीच दुर्मिळ गोष्ट. ऑफ सेंटर हा शब्द कॉलरमधे मशीनने पाडलेल्या नाण्यालाच लावायचा.

डाय रोटेशन, म्हणजे एक डाय दुसऱ्याच्या मानाने फिरलेला असणं, याबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशील. सिंह सरळ धरून नाणं पुस्तकाचं पान उलटतो तसं उलट, आपल्या नाण्यांवर मागची बाजू पण सरळच दिसली पाहिजे. थोडी कललेली खूप सापडतात, डाय सैल झाला की फिरतो. पूर्ण आडवी किंवा पूर्ण उलटी असेल तरच मी वेगळी ठेवतो.

किमतीचं सांगून टाकतो. या चारात लाखाचं काही नाही. ५० पैशाचं खरं निघालं तर एखादा हौशी माणूस आनंदाने काहीशे रुपये देईल, तेवढंच. जुनी नाणी लाखोंना विकत घेतो असं सांगून आधी कमिशन, टॅक्स किंवा फी मागणारे फोन येतात, त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमधे जाहीर इशारा दिला होता, आपण असा कोणताही व्यवहार करत नाही आणि फीही मागत नाही असं स्पष्ट सांगून. तुला ज्याने लाख सांगितले त्याने पुढे एक रुपया जरी आधी मागितला तरी नंबर ब्लॉक कर.

आणि कृपा करून नाणी घासू नकोस. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, काहीही नाही. घासलं की तीच बारीक चमक जाते जिच्यावरून पायरी आहे की गोलाई ते कळतं. फार तर साध्या पाण्यातून काढून मऊ कपड्यावर टिपून घे.

आता हे कर. ५० पैशाचे तीन फोटो पाठव, एक चाव्याच्या समोरच्या कडेचा, एक चाव्याच्या आतल्या बाजूचा, आणि एक दुसरं नाणं चाव्यात बसवून. फ्लॅश बंद, खिडकीतला उजेड एका बाजूने तिरका येऊ दे. आणि डब्यातले स्टीलचे सगळे १ रुपये बाहेर काढ, तड्याच्या नाण्यावर जे साल आणि जी खूण आहे त्याच सालाचे आणि त्याच खुणेचे वेगळे कर, आणि प्रत्येकाच्या डावीकडच्या सिंहाजवळ लूप लाव. बाबा एकाच डेपोतून सुटे घेत असतील तर एकाच पिशवीतली दोन-तीन नाणी त्या डब्यात आलेली असणं अगदी शक्य आहे. एखाद्यावर तीच रेघ आखूड दिसली, सिंहापर्यंत न पोचलेली, तर दोन्ही एका पाकिटात ठेव आणि मला लगेच कळव.